क्रेडिट कार्डाचे पॉइंट: आधी रुपयात मोजा, मगच वापरा

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, कुठंही कार्डवाल्या माणसाला विचारा, तो लगेच सांगतो माझे बारा हजार पॉइंट झालेत म्हणून, आणि मग "रुप्या कितला व्हतीन भो?" असं विचारलं की गडी मोबाईल चाळायला लागतो. घोळ इथंच आहे. लोक आधी खर्च करतात, मग पॉइंट बघतात, मग कॅटलॉग उघडून मिक्सर नाहीतर बॅग मागवतात, आणि हिशोब केलाच तर सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा पाहिजे. खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा, मधली उडवली की पुढचीचा उपयोग राहत नाही.

ज्यांचं बिल दर महिन्याला पूर्ण भरलं जात नाही त्यांनी आधी चौथी पायरी वाचा, बाकीचं तुमच्या सध्या कामाचं नाही.

पायरी १: कार्डाची कुंडली एका कागदावर

अर्धा तास लागतो, पण हे एकदा केलं की वर्षभर डोक्याला ताप नाही. बँकेचं अ‍ॅप उघडा, मागच्या तीन महिन्यांची स्टेटमेंट डाउनलोड करा (पीडीएफला पासवर्ड असतो, तो कसा बनतो ते स्टेटमेंटच्या ईमेलमध्ये लिहिलेलं असतं, म्हणून कंटाळून सोडू नका) आणि प्रत्येक कार्डासाठी वेगळा कागद करून हे लिहा:

१. आज किती पॉइंट आहेत, आणि त्यातले किती कोणत्या तारखेला संपणार.
२. किती रुपयाला किती पॉइंट भेटतात.
३. कोणत्या खर्चाला पॉइंट नाहीत, आणि कोणत्या खर्चाला महिन्याची मर्यादा आहे.
४. पॉइंट वळवायला (म्हणजे पॉइंट देऊन पैसे, व्हाउचर, तिकीट किंवा वस्तू घ्यायला) फी किती.
५. वार्षिक फी किती, ती माफ व्हायला किती खर्च लागतो, आणि कार्डाचं वर्ष कोणत्या तारखेला सुरू होतं.

पाचव्यावर बरेच जण आपटतात. कार्डाचं वर्ष बहुतेक वेळा कार्ड मंजूर झालं त्या तारखेपासून मोजतात. तुमचं कार्ड ऑगस्टमध्ये आलं असेल तर मार्चअखेर धावपळ करून एक लाखाचा टप्पा गाठण्यात काही अर्थ नाही, तुमची शेवटची तारीख ऑगस्टमध्ये आहे. काही टप्पे तिमाहीचे असतात, काही कॅलेंडर वर्षाचे, त्यामुळे अंदाजाने लिहू नका, वाचून लिहा.

दुसऱ्या ओळीतही एक खाच आहे. "१५० रुपयाला ४ पॉइंट" असं लिहिलं असेल तर बऱ्याच बँका प्रत्येक व्यवहार वेगळा मोजतात, म्हणजे १४० रुपयाच्या बिलाला शून्य आणि २९० रुपयाच्या बिलालाही ४च. किराणा तीन वेळा थोडा थोडा घेण्यापेक्षा एकदाच घेतला तर तेवढ्याच पैशात जास्त पॉइंट पडतात.

तपासा: बँकेत तुमचा चालू मोबाईल नंबर आणि ईमेल आहे का? जुनं सिम बंद पडलं असेल तर पॉइंट वळवताना ओटीपी येणार नाही, आणि मुदत संपायचा मेसेजही तिकडंच जाणार.

पायरी २: एका पॉइंटची किंमत काढा

आता खरं काम. पॉइंटला स्वतःची अशी पक्की किंमत नसते, तो कुठं वापरता त्यावर ती ठरते. एसबीआय कार्डच्या बऱ्याच कार्डांवर ४ पॉइंटचा १ रुपया होतो. एचडीएफसीच्या इन्फिनियासारख्या महागड्या कार्डावर विमान-हॉटेलच्या बुकिंगला १ पॉइंट म्हणजे १ रुपया, पण तोच पॉइंट बिलात वळवला, म्हणजे त्याचे पैसे कार्डाच्या बिलात जमा करून घेतले, तर ३० पैसे. कार्ड तेच, पॉइंट तोच, आणि चुकीचं बटन दाबलं तर सत्तर टक्के पैसे गेले. वर, बँका हे दर अधूनमधून बदलतात, म्हणून मागच्या वर्षीच्या व्हिडिओवर विसंबू नका, आपल्या कार्डाच्या अटी आज उघडून बघा.

हिशोब सोपा आहे: जे भेटणार त्याची बाजारातली किंमत, भागिले लागणारे पॉइंट. समजा तुमच्याकडे ८,००० पॉइंट आहेत आणि कार्डावर असे दर आहेत:

बिलात वळवले तर २० पैसे, म्हणजे १,६०० रुपये.
व्हाउचर घेतलं तर २५ पैसे, म्हणजे २,००० रुपये.
बँकेच्या पोर्टलवरून विमानाचं तिकीट काढलं तर ५० पैसे, म्हणजे ४,००० रुपये.
कॅटलॉगमधला मिक्सर ८,००० पॉइंटला, आणि तोच मिक्सर जळगावात दुकानात १,४०० ला भेटतो. म्हणजे पॉइंट पडला साडेसतरा पैशाला.

कॅटलॉगवाले "किंमत २,००० रुपये" असं लिहितात, ती छापील किंमत असते. छापील किमतीने भागू नका, तुम्ही खरोखर जेवढ्याला ती वस्तू घेतली असती त्या पैशाने भागा. आणि घरात आधीच दोन मिक्सर असतील तर तिसऱ्याची किंमत तुमच्यासाठी शून्य आहे, हेही धरा.

मग उलटा हिशोब करून कार्डाचा परतावा काढा. १५० रुपयाला ४ पॉइंट आणि पॉइंट ५० पैशाचा, तर १५० वर २ रुपये, म्हणजे साधारण १.३३ टक्के. पॉइंट २० पैशाचा धरला तर हेच ०.५३ टक्के होतं. हे दोन्ही आकडे कागदाच्या वर मोठ्या अक्षरात लिहा, पुढच्या पायरीत लागतात.

सावधान: वळवायची फी बऱ्याच कार्डांवर ९९ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे जवळपास ११७ रुपये असते, आणि ती पॉइंटमधून नाही, बिलात लागते. २५० रुपयाचे पॉइंट वळवायला ११७ रुपये द्यायचे म्हणजे निम्मे तिथंच गेले. थोडे थोडे वळवू नका, साठवून एकदाच वळवा, फक्त मुदत सांभाळा.

पायरी ३: कुठं कार्ड काढायचं, कुठं खिशात ठेवायचं

आपल्याकडे सगळ्यात जास्त पैसा इथं जातो.

एकच नियम पाठ करा. दुकानदार कार्डासाठी जेवढे टक्के जास्त मागतो ते तुमच्या परताव्यापेक्षा जास्त असतील तर रोख नाहीतर साधं यूपीआय. जून महिन्यात कृषी केंद्रात खत-बियाणं भरायला गेलात, बिल झालं ५०,००० आणि दुकानदार म्हणाला कार्डावर दोन टक्के जास्त लागतील भाऊ, तर हजार रुपये जास्त गेले. पॉइंट किती येणार? वरच्या दराने १,३३२. भारी दराने वापरले तरी ६६६ रुपये, बिलात वळवले तर २६६. दोन्हीकडून तोटाच. एकच अपवाद आहे, याच ५०,००० नी तुमचा वार्षिक टप्पा पूर्ण होऊन अडीच हजार अधिक जीएसटी अशी फी माफ होणार असेल तर हजार रुपये देणं परवडतं. पण तो हिशोब कागदावर करा, दुकानात उभ्या उभ्या नको.

सोन्याचंही तसंच. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नाहीतर लग्नसराईत जळगावच्या सराफ बाजारात लाख-दोन लाखाचं बिल होतं आणि माणूस खूश की एका फटक्यात इतके पॉइंट. आधी दोन गोष्टी बघा, तुमच्या कार्डावर दागिन्यांच्या खरेदीला पॉइंट आहेत का (बऱ्याच कार्डांवर नाहीत किंवा मर्यादा आहे), आणि सराफ कार्डाचा भाव आणि बँक ट्रान्सफरचा भाव वेगळा सांगतो का. मजुरीवर घासाघीस करून जे सुटतं ते पॉइंटपेक्षा कितीतरी जास्त असतं आणि कार्ड पुढं केलं की सराफ तेवढी सूट देत नाही, म्हणून आधी दोन्ही भाव विचारा, कार्ड नंतर काढा.

पेट्रोल-डिझेलला साध्या कार्डांवर बहुतेक पॉइंट नसतातच, फक्त पंपावर कार्डासाठी वर लागणारा १ टक्का सरचार्ज परत येतो, तोही बिल ठरावीक रकमेच्या मर्यादेत असेल तरच. म्हणजे अटीत ४०० ते ५,००० असं लिहिलं असेल तर तीनशेचं पेट्रोल टाकून काही वाचत नाही. आणि त्या सरचार्जवरचा जीएसटी परत येत नाही. रोज चाळीसगाव-धुळे किंवा भुसावळ-जळगाव गाडी पळवणाऱ्याने बीपीसीएल एसबीआय कार्डासारखं इंधनाचं कार्ड वेगळं ठेवावं, साध्या कार्डावर पेट्रोल भरू नये.

लाइट बिल, विमा, घरभाडं, शाळा-कॉलेजची फी, सरकारी भरणा: या पाचांची अट प्रत्येक बँकेत वेगळी आणि दर वर्षी आणखी कडक होतेय. भाड्यावर तर बऱ्याच बँका वर १ टक्का फी लावतात. वॉलेटमध्ये पैसे टाकणं, एटीएममधून कार्डाने रोख काढणं, यावर बहुतेक कार्डांवर पॉइंट नाहीत. रोख काढली तर त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं, तो रस्ता विसरून जा.

हे खर्च ओळखतं कोण, तर दुकानाचा कोड. प्रत्येक स्वाइप मशीनला धंद्याप्रमाणे चार आकडी कोड असतो, किराण्याचा ५४११, दागिन्यांचा ५९४४, पेट्रोल पंपाचा ५५४१. तुम्ही काय घेतलं ते बँकेला दिसत नाही, कोड दिसतो. म्हणून कधी कधी किराणा दुकानात घेतलेल्या सामानाला किराण्याचे जादा पॉइंट येत नाहीत, कारण मशीन दुसऱ्याच धंद्याच्या नावावर काढलेलं असतं. मोठी खरेदी करायची असेल तर आधी त्या दुकानात शंभर-दोनशेचा व्यवहार करा आणि स्टेटमेंटमध्ये किती पॉइंट पडले ते बघा.

रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडायची सोय २०२२ पासून आहे आणि आपल्यासारख्या ठिकाणी, जिथं अर्ध्या दुकानांत मशीनच नाही, ती फार कामाची. पण आठवडी बाजारात भाजीवाल्याने स्वतःच्या बचत खात्याचा क्यूआर लावला असेल तर त्यावर क्रेडिट कार्ड चालत नाही, व्यापारी क्यूआर लागतो. आणि यूपीआयवरून केलेल्या खर्चाला पॉइंट भेटतात की नाही हे कार्डाकार्डावर आहे, काही बँका कमी देतात, काही देतच नाहीत.

आता नातेवाइकांचा विषय. "दाजी, माझ्या कार्डावर घ्या फ्रीज, मला रोख द्या" हे गावोगाव चालतं आणि एखाद्या वेळी ठीकही आहे. पण दर महिन्याला भाऊबंदांचा, मित्राच्या दुकानाचा माल कार्डावर फिरवायला लागलात तर तीन भानगडी आहेत. एक, समोरच्याने पैसे उशिरा दिले तरी बिल तुमच्या नावावर, आणि नात्यात मागताही येत नाही. दोन, धंद्याचा खर्च वैयक्तिक कार्डावर केला असं बँकेला दिसलं तर पॉइंट काढून घेतात, कार्डही बंद करतात. तीन, एका आर्थिक वर्षात कार्डाच्या बिलापोटी १० लाख किंवा जास्त भरले (किंवा रोखीने १ लाख) तर बँक ते आयकर खात्याला कळवते, आणि तुमचं रिटर्न चार लाखाचं असेल तर उत्तर तुम्हाला द्यायचंय, दाजीला नाही.

तपासा: वस्तू परत केली की तिचे पॉइंटही परत जातात आणि टप्प्यातून ती रक्कम वजा होते. टप्पा गाठायला शेवटच्या आठवड्यात ऑनलाइन काहीतरी मागवून नंतर परत करायची युक्ती चालत नाही.

पायरी ४: बिल पूर्ण भरा, ऑटो-डेबिट लावून

छोटी पायरी आहे, पण हिच्यावाचून बाकी सगळं फुकट. बिल ३०,००० आलं आणि तुम्ही "किमान रक्कम" म्हणून १,५०० भरले. उरलेल्या २८,५०० वर महिन्याला ३.५ टक्के धरले तर जवळपास ९९७ रुपये व्याज, त्यावर जीएसटी १८० च्या आसपास. झाले पावणेबाराशे, तेही एका महिन्याचे, आणि खरं तर व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजतात म्हणून आकडा आणखी वर जातो. शिवाय नवीन खरेदीला बिनव्याजी मुदत राहत नाही, कार्ड घासलं की त्या दिवसापासून व्याज. आणि ३०,००० वर पॉइंट आले ते २० पैशाच्या दराने १६० रुपयाचे.

कापसाचे, केळीचे पैसे हातात यायची तारीख आणि बिलाची तारीख जुळत नसेल तर बँकेला बिलाची तारीख बदलून मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार निदान एकदा तरी ती सोय द्यावीच लागते. ऑटो-डेबिट लावताना "किमान रक्कम" हा पर्याय निवडला जाऊ नये म्हणून नीट बघा, "पूर्ण रक्कम" निवडा. थकबाकी असलेल्या खात्यावर बऱ्याच बँका पॉइंट वापरूही देत नाहीत.

पायरी ५: कशात वळवायचे ते ठरवा

दुसऱ्या पायरीत सगळ्यात भारी दर कोणता ते काढलंय. आता तो तुम्हाला खरोखर वापरता येतो का ते बघा, कारण कागदावर सगळ्यात भारी असतं ते विमानाचं तिकीट, आणि खान्देशातल्या माणसाला विमान रोजचं नाही.

विमान: बँकेच्या पोर्टलवरचं भाडं आणि विमान कंपनीच्या साइटवरचं भाडं एकाच वेळी दोन खिडक्यांत उघडून बघा. पोर्टलवर पाचशे जास्त असेल तर तेवढे तुमच्या फायद्यातून वजा करा. जळगाव विमानतळावरून मोजकीच उड्डाणं आहेत, त्यामुळे बऱ्याचदा मुंबई, संभाजीनगर, इंदूर गाठावं लागतं, नंदुरबारकडच्यांना सुरत जवळ पडतं, तर तिथवरचा रेल्वेचा किंवा गाडीचा खर्चही धरा. एवढं करूनही वर्षात एकदा दिल्ली किंवा दक्षिणेकडे सहकुटुंब जाणार असाल तर पॉइंट त्यासाठीच राखून ठेवा, दुसऱ्या कशात इतका भाव येत नाही. काही कार्डांवर पूर्ण भाडं पॉइंटमधून देता येत नाही, थोडी रक्कम कार्डानेच भरावी लागते, ती तयारी ठेवा.

विमान कंपनीच्या किंवा हॉटेलच्या खात्यात पॉइंट पाठवायचे असतील तर क्रम असा: आधी त्या तारखेला पॉइंटची सीट शिल्लक आहे ते बघा, मग कर आणि फी किती रोख लागते ते बघा, मग पाठवा. एकदा पाठवलेले पॉइंट माघारी येत नाहीत. "आधी पाठवून ठेवू, सीट नंतर बघू" असं करणाऱ्यांचे पॉइंट तिकडंच पडून संपतात. खात्यावरचं नाव कार्डावरच्या नावाशी तंतोतंत जुळलं पाहिजे.

रेल्वे: आपल्या भागाला हे जास्त सोयीचं. आयआरसीटीसी एसबीआय कार्डाचा १ पॉइंट तिकिटाला १ रुपया धरतात, म्हणजे साध्या कार्डाच्या चौपट. त्यासाठी कार्डाचा लॉयल्टी नंबर आयआरसीटीसीच्या खात्याला आधी जोडून ठेवावा लागतो, तिकीट काढायच्या सकाळी हे करायला बसू नका.

व्हाउचर: ज्या दुकानात तुम्ही तसंही जाणार तिथलंच घ्या. आणि एक फोन करा. मोठ्या ब्रँडचं धुळ्यातलं किंवा जळगावातलं दुकान फ्रँचायझी असेल तर ते व्हाउचर घेत नाहीत असं बऱ्याचदा होतं, पुण्याच्या दुकानात चालेल म्हणतात. किराणा किंवा ऑनलाइन खरेदीचं व्हाउचर त्यापेक्षा बरं. मुदत बघा, एकदाच वापरायचं आहे की तुकड्यातुकड्यात चालतं ते बघा.

बिलात वळवणं: दर कमी, पण विमानानं जायचंच नाही आणि मुदत दोन महिन्यावर आलीय तर सरळ हे करा, संकोच करू नका. हातात आलेले वीस पैसे संपलेल्या पन्नास पैशापेक्षा बरे. फक्त लक्षात ठेवा, पॉइंटमधून बिलात जमा झालेली रक्कम बहुतेक ठिकाणी "किमान रक्कम भरली" असं धरत नाहीत, त्या महिन्याचं बिल तुम्हाला नेहमीसारखं भरायचंच आहे.

कॅटलॉगमधल्या वस्तू शेवटी, माझ्या मते घ्यायच्याच नाहीत.

ज्यांना यातलं काहीच सांभाळायचं नाही त्यांनी पॉइंटवालं कार्ड ठेवूच नये, थेट कॅशबॅकचं घ्यावं. अ‍ॅमेझॉन पे आयसीआयसीआय कार्डाला वार्षिक फी नाही, अ‍ॅमेझॉनवर प्राइम असेल तर ५ टक्के, नसेल तर ३, बाकी बऱ्याच ठिकाणी १ टक्का, आणि पैसे आपोआप जमा होतात. वर्षाला लाखभर खर्च करणाऱ्या घराला हे बरंच.

पायरी ६: वळवायच्या दिवशी

बँकेच्या अ‍ॅपमध्ये आत शिरून किंवा कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन करूनच वळवा. पॉइंट आज रात्री संपणार, या लिंकवर क्लिक करा, असा मेसेज आला तर तो फसवणुकीचाच धरा. हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर बँकेच्या नावाने एपीके फाइल (मोबाईलमध्ये बाहेरून अ‍ॅप टाकायची फाइल) येते, ती इन्स्टॉल केली की ओटीपी परस्पर चोराकडं जातात. पॉइंट वळवायला कार्डामागचे तीन आकडे किंवा पिन कोणीही फोनवर विचारत नाही. पैसे गेलेच तर बँकेला कळवून लगेच १९३० वर फोन करा, जेवढा उशीर तेवढी रक्कम परत भेटायची शक्यता कमी.

वळवून झालं की स्क्रीनशॉट काढा, ऑर्डर नंबर लिहून ठेवा, आणि पुढच्या स्टेटमेंटमध्ये रक्कम आली का, फी एकदाच लागली का ते तपासा.

पायरी ७: कार्ड बंद करायचं असेल तर

आधी पॉइंट वळवा, ते पोचल्याचं बघा, मग बंद करायला सांगा. उलट केलं तर शिल्लक पॉइंट बहुतेक बँका रद्द करतात. कार्ड अपग्रेड करतानाही जुने पॉइंट नव्यावर येणार का, आणि कोणत्या भावाने, ते लेखी विचारून घ्या. एक वर्षभर कार्ड वापरलंच नाही तर बँक तुम्हाला कळवून ते बंद करायची प्रक्रिया सुरू करू शकते, तेव्हा कपाटात ठेवलेल्या कार्डावरचे पॉइंट आधी काढा.

पूर्ण थकबाकी भरून बंद करायची विनंती दिली की बँकेने ७ कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असतं, नाही केलं तर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने तुम्हाला द्यायचा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणून विनंती फोनवर तोंडी नको, ईमेलने किंवा अ‍ॅपमधून करा, म्हणजे तारीख राहते. ओटीटी, मोबाईल रिचार्ज, विमा असं जे जे त्या कार्डावर दर महिन्याला आपोआप कापलं जातं ते आधी दुसरीकडं वळवा. महिन्या-दीड महिन्याने मोफत सिबिल रिपोर्ट (तुमच्या कर्जांची आणि कार्डांची नोंद) काढून ते कार्ड "बंद" दिसतंय का तेवढं बघा, नसेल दिसत तर तोच ईमेल जोडून बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा.